पाठीवरची थाप

दिनांक १९ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी साडेआठ वाजता, मौजे शेलूबाजार, तालुका मंगरुळपीर, जिल्हा वाशीम येथे, भाजीपाला उत्पादक संस्थेच्या जुन्या गोदामात, संस्थेचे अध्यक्ष हिरालाल यांच्या समक्ष समीक्षाची परीक्षा घेण्यात आली. परीक्षेचे कारण संस्थेच्या ठरावात असे नोंदलेले होते : 'मुलींच्या सकाळच्या वर्गास स्त्री-शिक्षिका असणे आवश्यक असून, सदर शिक्षिका पात्र आहे किंवा कसे, हे अध्यक्षांनी निवडलेल्या खेळाडूशी पाच मिनिटांच्या लढतीने ठरवावे. लढतीत जो थाप देईल तो हरला असे समजावे. शिक्षिका अपात्र ठरल्यास वर्ग महिनाअखेर बंद करावा.'

हा ठराव समीक्षाने इतक्या वेळा वाचला होता की तो तिला पाठ झाला होता, आणि दर वाचनाला तिची चीड एका नव्या शब्दावर जाऊन बसत होती. आधी ती 'सदर' या शब्दावर होती. मग 'किंवा कसे' यावर गेली. अखेरीस तिच्या लक्षात आले की आपला खरा राग त्या कागदावर नसलेल्या शब्दांवर आहे. मुलांच्या संध्याकाळच्या वर्गाला मुकेश नावाचा सहायक शिक्षक होता. त्याच्यासाठी ठराव झाला नव्हता, लढत झाली नव्हती, 'पात्र आहे किंवा कसे' असे कोणी विचारले नव्हते. मुकेशजवळ गोदामाची किल्ली असे. एका संध्याकाळी दोन्ही वर्गांचे मुख्य शिक्षक रतनसिंग सर यांची एसटी मेडशीच्या पुढे बंद पडली, मुकेशने कुलूप उघडून पोरांना गोदामाभोवती पळवले, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरे त्याला 'मुकेशसर' म्हणू लागली. एका किल्लीने जी पात्रता एका संध्याकाळी दिली, ती समीक्षाला तीन वर्षांच्या घामाने दिली नव्हती.

समीक्षा पंचवीस वर्षांची. घरची पाऊण एकराची बाग, तीत मेथी, पालक, कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधायच्या, त्या आईने, म्हणजे अंजनाबाईने, बाजारात न्यायच्या, आणि समीक्षाने गोदाम गाठायचे, हा तिचा नित्यक्रम. जुड्या बांधून बांधून तिच्या बोटांना अशी पकड आली होती की तिने मनगट धरले तर पैलवानी करणारे पोरगेही एकदा वळून पाहत असे.

गोदामात जे शिकवले जाई त्याचे नाव ब्राझिलियन जिउ-जित्सू. गावाने त्याचे 'जुज्जू' करून टाकले होते. रतनसिंग मेडशीजवळच्या तांड्यावरचे. त्यांनी पुण्याच्या एका व्यायामशाळेत नऊ वर्षे पहारेकऱ्याची नोकरी केली, पहारा संपला की तिथल्याच गादीवर ही विद्या घेतली, आणि जांभळा पट्टा कमरेला बांधून ते परतले. परतल्यावर त्यांनी पाहिले की शिकवायचे तर परभाषेतली नावे पोरांच्या जिभेवर बसत नाहीत. तेव्हा पायांच्या त्रिकोणात समोरच्याची मान आणि एक हात आवळण्याच्या डावाला त्यांनी 'तिकोनी' म्हटले. आणि हार कबूल करण्यासाठी खेळाडू समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर हाताने दोन-तीनदा आपटतो, ज्याला इंग्रजीत 'टॅप' म्हणतात, त्याला त्यांनी, आवाज जवळचा आणि कृतीही तीच म्हणून, 'थाप' हे नाव दिले. नाव फार चपखल होते. त्या क्षणी कोणाला, अगदी रतनसिंगांनाही, हे सुचले नाही की मराठीत हा शब्द आधीच दोन-तीन घरांत नांदत आहे.

थाप हा त्या गोदामातला पहिला धडा होता. डाव नंतर, थाप आधी. "थाप आली का सोडाचं," रतनसिंग प्रत्येक नव्या पोराला सांगत. "काहून देल्ली, खरी देल्ली का, हे इचाराचं नाई. आधी सोडाचं, मंग इचाराचं. ज्याले हे जमत नाई त्यानं घरी जाऊन दंड-बैठका काढा." समीक्षाला हा धडा अंगावर शिकावा लागला होता. पहिल्याच वर्षी तिने निता नावाच्या तांड्यावरच्या मुलीचा हात मुरगळून धरला, निताने थाप दिली, आणि समीक्षाने सोडायला एक श्वासभर उशीर केला. सरांनी तिला आठ दिवस गादीवर पाय ठेवू दिला नाही. तेव्हापासून थापेचा आवाज आणि तिची सैल होणारी पकड यांच्यात विचाराला जागाच उरली नव्हती.

परीक्षेच्या दिवशी गोदामात सात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांवर संस्थेचे संचालक बसले होते. त्यांच्यापैकी सहा जणांनी हा खेळ कधी पाहिला नव्हता, आणि सातवे हिरालाल तरुणपणी दंगली मारलेले नावाजलेले पैलवान असल्यामुळे, आपल्याला तो न पाहताच कळतो अशा खात्रीत होते. सकाळच्या वर्गाच्या अकरा मुली भिंतीलगत बारदानावर बसल्या होत्या. अंजनाबाई बाजारातून तशीच आली होती आणि रिकामी टोपली पायाशी ठेवून दारात उभी होती. फोमच्या तुकड्यांवर ताडपत्री ताणून सरांनी स्वतः शिवलेली गादी मधोमध पसरली होती.

अध्यक्षांनी निवडलेला खेळाडू होता अमरदीप. तो अध्यक्षांचा पुतण्या होता. वजन चौऱ्याऐंशी किलो, समीक्षाचे छप्पन्न. गोदामात येऊन त्याला सात महिने झाले होते आणि त्याचा पट्टा अजून पांढरा, म्हणजे नवशिक्याचाच, होता, पण ठरावात पट्ट्याचा किंवा वजनाचा उल्लेख नव्हता, आणि जे ठरावात नाही ते हिरालालांच्या लेखी जगातही नव्हते.

"काका, निदान वजन त पाहाचं होतं," समीक्षा म्हणाली.

"रस्त्यानं कोनी तुले आडवलं, त त्याले आधी काट्यावर चढवशीन काय?" हिरालाल म्हणाले. खुर्च्यांवर हशा झाला.

"मंग मुकेशभाऊले कोनं आडवलं होतं?"

हशा थांबला. मुकेशने खिशातली किल्ली उगीचच चाचपली. हिरालालांनी घड्याळ पाहिले आणि हात खाली आणला.

सुरुवात झाली आणि पंधरा सेकंदांत समीक्षा पाठीवर होती. ती स्वतः होऊन पडली होती. अंगावर येणाऱ्या चौऱ्याऐंशी किलोंना उभ्याने थोपवणे शहाणपणाचे नव्हते. अमरदीपची बाही धरून ती खाली बसली, मागे टेकली, आणि त्याच्या कमरेभोवती तिने पायांचे कडे घातले. हा या खेळाचा पायाच आहे. येथे पाठीवरून लढतात. पण हिरालाल खुर्चीवरून उठले आणि त्यांचा आवाज गोदामाच्या पत्र्यावर आदळला.

"चीत! झाली कुस्ती!"

"भाऊ, ह्या खेळात चीत नसते," रतनसिंग म्हणाले. "पाठ टेकून बी लढता येते. थापच चालते. ठरावात तुमीच लेहलं."

"पाठ लागली म्हंजे पाठ लागली, बाप्पा. आमच्या टायमाले पाठ लागलेला गडी आठ दिवस चौकात येत नव्हता."

"ठरावात पाठीचं नाव नाई, भाऊ."

हिरालालांनी ठराव पुन्हा वाचला. आपणच घडवलेला कागद आपल्यालाच अडवतो आहे हे पाहून त्यांचे कपाळ आठ्यांनी भरले. "बरं, बरं. चालू द्या. थापच," असे म्हणून ते बसले. हे सर्वांसमक्ष झाले, सर्वांनी ऐकले. समीक्षा ते खालून, अमरदीपच्या काखेतून ऐकत होती, आणि तिला वाटले की चला, एवढे तरी बरे झाले, आता हारजीत कशाने ठरणार याबद्दल कोणाला शंका उरलेली नाही.

दोन मिनिटे अमरदीपने सारे बळ तिच्या छातीवर टाकून पाहिले. त्याचे बळ खरे होते. तिच्या बरगड्यांना ते कळत होते. खुर्च्यांवरून कोणी तरी पुटपुटले, "पोरीच्या जातीनं असं पाय टाकून लढाचं, शोभते काय हे," आणि दुसऱ्याने "पाहू नका मंग" असे म्हटले, पण पाहणे कोणीच थांबवले नाही. तिसऱ्या मिनिटाला अमरदीपने चूक केली. अधीर होऊन त्याने एक हात तिच्या पायांच्या कड्याच्या आत घातला आणि दुसरा बाहेर ठेवला. समीक्षाने तो आतला हात ओढून धरला, कंबर उचलली, एक पोटरी त्याच्या मानेवर आडवी टाकली आणि दुसऱ्या गुडघ्याच्या मागच्या लवणीत घोटा अडकवला. तिकोनी बसली.

अमरदीप धसमुसळा होता, पण भित्रा नव्हता. तो तिच्यासकट उठून उभा राहिला. मोकळा हात तिच्या पाठीखाली घालून त्याने तिला गादीपासून हातभर वर उचलले. तिला आपटायचे की झटकायचे, हे ठरवण्याइतका वेळ मात्र त्याला मिळाला नाही. समीक्षाने मांड्या आवळल्या. त्याची मान लाल झाली, मग कान, मग डोळे पांढरे झाले. आणि तिच्या पाठीखालच्या त्या मोकळ्या पंजाने तिच्या पाठीवर थाप दिली. एक, दोन, तीन.

तिसरी पुरी होण्याआधी तिचे पाय उघडले होते.

ती पडली. तिच्यामागोमाग, मान सुटताच, अमरदीपही तिच्यावर पडला, आणि मग, पडलाच आहे तर, असा विचार त्याच्या डोक्यात आला असावा. त्याने तिचे दोन्ही खांदे गादीला दाबून धरले.

"बस!" हिरालाल ओरडले. "चीत! आता त पुरी चीत हाय. सोडवलं पोट्ट्यानं अन् दाबलं! आता कोनी काई बोलू नका."

खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. समीक्षाने खांद्यावरचे हात झटकले आणि ती उठून बसली.

"काका, त्यानं थाप देल्ली. तीनदा."

"कोनी?"

"अमरदीपनं. म्हनून त म्या सोडलं. नाई त थो सुटते काय?"

सगळ्यांनी अमरदीपकडे पाहिले. त्याने मान चोळत खाली पाहिले. एक क्षण असा होता की तो खरे बोलेल, असे समीक्षाला वाटले. तिच्या मते त्याला ते वाटलेही होते. पण समोर अकरा मुली होत्या, सात खुर्च्या होत्या, आणि मधल्या खुर्चीत काका होते. त्याने मान वर केली तेव्हा त्याच्या तोंडावर हसू होते.

"देल्ली ना. नाई कोन म्हनते? पाठीवर थाप देल्ली तिले. बरी लढून राह्यली म्हनलं पोरगी, शाब्बास!"

खुर्च्यांवर असा हशा पिकला की एका संचालकाला ठसका लागला.

मराठीत थाप तबल्यावर पडते, पाठीवर पडते, आणि लोकांना उल्लू बनवण्यासाठी मारलीही जाते. त्यांच्या जोडीला रतनसिंगांनी चौथी थाप आणून बसवली होती. अमरदीपने जे केले ते एवढेच की चौथीला उचलून दुसरीच्या जागी ठेवले. हार कबूल करणाऱ्या हाताचा त्याने आशीर्वाद देणारा हात केला. समीक्षाला वाईट वाटले नाही, रडूही आले नाही. तिच्या कानशिलांत कढत काही तरी चढत गेले. हरलेल्याने हार नाकारावी, हे तिने पाहिले होते. पण हरलेल्याने जिंकणाऱ्याची पाठ थोपटावी, आणि भरल्या सभेने त्याला हसून दाद द्यावी, हे तिला नवे होते.

"गळा आवळला असताना शाबासकी देनारा मानूस म्या आजच पाह्यला," ती म्हणाली. "मंग डोये कायले पांढरे केल्ते? थे बी कौतुकानंच काय?"

"डोये माहे जन्मापासून तसेच हायेत," अमरदीप म्हणाला.

"तवा थाप देल्ली, अन् आता थाप मारून राह्यला!"

यावर बारदानावरच्या मुली हसल्या, आणि हिरालालांनी हात वर करून त्यांना गप्प केले. मग त्यांनी, आपण निःपक्षपाती आहोत हे दिसावे म्हणून, साक्षी काढल्या.

"रतनसिंग, तुमी सांगा."

"थाप होती, भाऊ. हाराची थाप. मी दोन हात लांब उभा होतो."

"तुमी तिचे सर. तुमी त म्हनसानच."

"मी त्याचा बी सरच हाय ना, भाऊ."

"पन शिक्षिका तुमालेच पाह्यजे ना? मंग तुमची साक्ष कशी चालन? मुकेश, तू सांग."

मुकेशने एकदा अध्यक्षांकडे आणि एकदा छताकडे पाहिले. "मी भाऊ, त्या वक्ताले खिशात किल्ली पाहून राह्यलो होतो. माहं ध्यान नव्हतं."

"आमी पाह्यलं!" निता उठून म्हणाली. "अकराच्या अकरा जनींनं पाह्यलं!"

"पोट्ट्यायचं काय घेऊन बसता," टोकाच्या खुर्चीवरचे संचालक म्हणाले, आणि ती साक्ष तिथेच संपली.

हिरालाल दुष्ट माणूस नव्हते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यांना पुतण्या प्यारा होता, कुस्ती प्यारी होती, आणि स्वतःची न्यायबुद्धी या दोहोंपेक्षा प्यारी होती. त्यांनी समीक्षाला जवळ बोलावले आणि आवाज मऊ केला.

"हे पाहाय पोरी. तुही बी लाज राहो, त्याची बी राहो. कुस्ती बराबरीत सोडतो. बॅच होळीपर्यंत चालू दे. मंग पाहू पुढचं."

"घे ना वो माय," दारातून अंजनाबाई म्हणाली. "होळीपर्यंत त होळीपर्यंत. भांडून काय भेटते?"

समीक्षाने मनात हिशेब केला. होळीपर्यंत जवळजवळ दोन महिने होते. दोन महिन्यांत अकरा मुलींना पुष्कळ शिकवता आले असते, आणि दोन महिन्यांनी लोक विसरलेही असते. 'हो' म्हणणे सोपे होते, आणि त्यात वर्ग वाचत होता. पण उद्या सकाळी सहा वाजता त्याच गादीवर उभे राहून तिला पहिला धडा द्यायचा होता. थाप आली का सोडाचं. आणि निताने विचारले की ताई, कालच्यासारखी शाबासकीची आली तर, तेव्हा ती काय सांगणार होती? थापेवर विश्वास ठेवून तिने सोडले, आणि सोडले म्हणून ती बरोबरीत आली. हे कबूल केले की या वर्गात शिकवण्यासारखे काही उरतच नव्हते.

"नाई काका," ती म्हणाली. "बराबरी नाई. थाप होती का शाबासकी होती, एक काय थे लेहा. इतिवृत्तात. तुमच्या सहीनं."

"लेहतो ना. काय लेहू?"

"अमरदीप म्हनते थेच लेहा."

हिरालालांना हे अपेक्षित नव्हते, पण त्यांना लिहायला आवडे. त्यांनी वही गुडघ्यावर घेतली आणि मोठ्याने म्हणत लिहिले, "'अमरदीप यांनी दिलेली थाप ही शाबासकी समजावी.' झालं?"

"अजून एक ओळ हाय. 'त्यांनी थाप दिली असता समोरच्याने सोडू नये.'"

"हे कायले?"

"शाबासकी भेटल्यावर कोनी काम सोडते काय, काका? अजून जोर लावते."

या वेळी हसण्याची पाळी बारदानावरच्या मुलींची होती. खुर्च्यांपैकी एकाला हसू आवरले नाही आणि त्याने ते खोकल्यात लपवले. हिरालालांचे पेन कागदावर टेकले होते, पण चालत नव्हते.

"लेहा ना काका," अमरदीप म्हणाला. "मी काय भेतो काय? मले सोडून घ्याचं असन तवा तोंडानं सांगीन. तोंड हाय ना मले."

"तिकोनी लागली असताना तोंडानं सांगशीन?" समीक्षाने विचारले.

"हो मंग. एकदा नाई, दहादा लाव."

"दहादा नाई. एकदाच. काका, लेहा अन् सही करा."

"समीक्षा," रतनसिंग हळूच म्हणाले.

"मले मालूम हाय, सर," ती म्हणाली.

हिरालालांनी दुसरी ओळ लिहिली. ती लिहिताना ते मोठ्याने वाचत नव्हते. खाली सही केली, तारीख घातली. अमरदीप गुडघ्यांवर बसला, समीक्षा त्याच्यासमोर पाठीवर पडली, आणि त्याने स्वतः होऊन मान आणि एक हात पुढे केला, जणू काही न्हाव्यापुढे बसला आहे. तिने पोटरी मानेवर टाकली, घोटा लवणीत अडकवला, आणि आवळले.

अमरदीपने दम धरला. मानेवरच्या शिरा फुगल्या. ठरल्याप्रमाणे त्याने तोंड उघडले. सोड या शब्दातला 'स' बाहेर आला. पुढचे काहीच आले नाही, फक्त फुटक्या टायरसारखी एक बारीक हवा. त्याचा मोकळा हात वर आला आणि हवेत थांबला. तो हात थांबलेला समीक्षाने पाहिला. त्या हाताला आपलेच मघाचे बोलणे आठवले होते. मग तो खाली आला आणि तिच्या मांडीवर आपटला. एक, दोन, तीन.

पहिल्या आपटीलाच तिने आवळ काढून घेतला. मानेवर आता काडीचाही दाब नव्हता. पण गाठ तिने सोडली नाही. पाय जिथे होते तिथेच राहिले. तिचे सारे अंग उघडण्यासाठी ओढ घेत होते, तीन वर्षे दुसरे काही तिने अंगाला शिकवलेच नव्हते, आणि त्या दोन-तीन श्वासांइतके काही तिला कधी जड गेले नव्हते. घाबरलेल्या माणसाला मात्र आवळ आणि गाठ यांतला फरक कळत नाही. अमरदीप तिच्या मांडीवर, गादीवर, हाताला लागेल तिथे थापा देत सुटला.

समीक्षाने मान वळवून खुर्चीकडे पाहिले. "काका, शाबासकी देऊन राह्यला."

हिरालाल उभे राहिले. खुर्ची मागे पडली, वही खाली पडली.

"अवो सोड! सोड त्याले! थाप देऊन राह्यला ना थो, दिसत नाई काय तुले?"

तिने पाय उघडले. अमरदीप बाजूला कलंडला आणि खोकू लागला. रतनसिंगांनी त्याला उठवून बसवले, मान दोन्ही बाजूंनी तपासली, पाणी पाजले. काही झाले नव्हते. जे झाले होते ते फक्त हिरालालांना झाले होते. ते उभे होते, आणि स्वतःच्याच तोंडातून निघालेले वाक्य पत्र्यावर आदळून परत येताना ऐकत होते.

"दिसलं, काका," समीक्षा म्हणाली. "मले पयले बी दिसलं होतं."

कोणी हसले नाही. तिचा राग उतरला नव्हता. उलट तो आता कुठे आपल्या जागी नीट बसला होता. अकरा मुलींनी आणि त्यांच्या सरांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट खरी ठरवायला एका माणसाची मान दुसऱ्यांदा धरावी लागली होती. ती मान अध्यक्षांच्या घरची नसती तर तीही पुरली असती की नाही, कोण जाणे. ती अंगरखा झटकून उभी राहिली. पट्टा सुटला होता, तो तिने पुन्हा बांधला.

"भाऊ, आता बराबरी लेहून टाका," टोकाचे संचालक कुजबुजले. "पोराची इज्जत..."

हिरालालांनी वही उचलली. त्यांनी आपल्या सहीवर, मग वरच्या दोन्ही ओळींवर पेनाने आडवी रेघ मारली. मग पुतण्याकडे पाहिले.

"अमरदीप. मंघाची अन् आताची, दोन्ही थापा एकच होत्या काय रे?"

अमरदीपचा आवाज अजून बसलेला होता. त्याने खाली पाहूनच मान हलवली. "एकच होत्या, काका."

हिरालाल वही मिटून म्हणाले, "थाप होती. अमरदीप हारला. पोरींची बॅच समीक्षाच शिकवन."